भोक नसलेलं मडकं

फार पूर्वी, धान्य देऊन मडकी घेण्याचे दिवस होते तेव्हाची ही गोष्ट. एका मुरमाड टेकडीवरच्या गावात एक कुंभार आणि त्याची बायको राहत होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. कुंभाराची मडकी खणखणीत असत. बोटाने टिचकी मारली तर घंटेसारखी वाजत आणि वर्षानुवर्षं टिकत. त्याचा त्याला थोडा गर्वही होता, आणि खरं सांगायचं तर तो गर्व त्याला शोभत होता.

त्या गावात एक रीत होती. कोणी माणूस गेला की स्मशानात न्यायचं मडकं कुंभार देई, आणि त्याचं धान्य घेत नसे. खांदा देणाऱ्यांच्या पुढे ते मडकं जाई. चितेभोवती फेऱ्या घालताना ज्याच्या खांद्यावर मडकं, त्यानेच दगडाने त्याला छिद्र पाडायचं. म्हणून भोक पडलेलं मडकं त्या गावात कोणी घरात ठेवत नसे. कुंभाराच्या हातून एखादं तडकलं तर तो ते लगेच फोडून टाकी आणि तुकडे ओढ्यापलीकडे नेऊन फेकी.

कुंभाराच्या बायकोने माहेरहून एक डाळिंबाचं रोप आणलं होतं. ते तिने दारासमोर लावलं, धुण्याभांड्याच्या पाण्यावर वाढवलं. पण मुरमात झाड किती जोर धरणार! कंबरेएवढं झालं आणि तिथेच थांबलं. पानं पिवळी पडू लागली. त्याच वर्षी बायकोही अंथरुणाला खिळली.

तिची खाट दारातून झाड दिसेल अशी टाकलेली होती. सकाळी डोळे उघडले की ती आधी तिकडे बघे. पेजेचे दोन घोट घ्यायचे तेही झाडाकडे बघतच. एके दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्याला खत हवंय. माझी आई घरच्या घरी मडक्यात करायची. तुम्ही करा ना."

कुंभार हसला. "जन्मभर माती तुडवली मी. आता तू मला माती शिकवणार?"

"तुम्ही माती भट्टीत घालून मारता हो," ती म्हणाली. "मी जिवंत माती करायला सांगतेय. ऐका. एक जुनं मडकं घ्या. बुडाला भोकं पाडा, कडेनेही पाडा. तळाशी वाळका पाला, त्यावर भाजीची देठं, सालं, मग पुन्हा पाला. मधूनमधून काठीने हलवा. फार ओलं होऊ देऊ नका. मातीसारखा वास आला की खत झालं समजा. तोवर झाडाच्या जवळपास नेऊ नका, मुळं करपतील."

"आणि भोकं कशाला?"

"वारा लागायला. कुजणाऱ्यालाही श्वास लागतो."

कुंभार मान डोलावून उठला. मडक्यांच्या उतरंडीतून त्याने एक जुनं मडकं काढलं, दगड हातात घेतला, आणि त्याचा हात वरच्या वर राहिला. घरात बायको आजारी, आणि आपण आपल्या हाताने मडक्याला भोक पाडायचं? मडकं त्याने हळूच परत ठेवलं.

मग त्याने काय केलं, तर चाकावर बसून एक नवं मडकं घडवलं. असं सुरेख मडकं त्याने आजवर केलं नव्हतं. पोट गोल, काठ जाड, घोटून घोटून गुळगुळीत केलेलं, आणि वर घट्ट बसणारं झाकण. भाजून झाल्यावर त्यात त्याने भाजीची देठं, सालं, खरकटं सगळं घातलं. पाला मात्र घातला नाही, एवढ्या देखण्या मडक्यात केरकचरा कशाला म्हणून. झाकण लावलं आणि कडेने चिखल लिंपून टाकला. बायकोने सांगितलेलं त्याने सगळं केलं, फक्त जे सांगितलं होतं तेवढं सोडून.

बायको रोज विचारी, "खत कसं आहे हो?"

"होतंय, होतंय," तो म्हणे.

बऱ्याच दिवसांनी त्याने परसात जाऊन झाकण उघडलं. नाकाला पदर लावून शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, "काय मेलंय रे तिकडे?" आत काळा, आंबूस, बुळबुळीत रेंदा झाला होता आणि वर अळ्या वळवळत होत्या. कुंभाराने घाईने झाकण लावून पुन्हा चिखल लिंपला.

त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "वास कसा येतो?"

इथे त्याला खरं बोलता आलं असतं. चुकलं म्हणाला असता तर तिने दुसरं मडकं घ्यायला लावलं असतं, फार तर दोन शब्द सुनावले असते. पण भोकं का पाडली नाहीत ते सांगायचं, म्हणजे तिच्या मरणाची भीती तिच्याच तोंडावर बोलून दाखवायची. ते त्याला जमेना.

"मातीसारखा येतो," तो म्हणाला.

बायकोच्या सुकलेल्या चेहऱ्यावर हसू उमटलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली. "मग झालंच की! उद्या सकाळी घाला. मला बघायचंय."

आता काय करणार? एका खोट्याने दुसऱ्याला हात धरून आणलं. सकाळी कुंभाराने ते मडकं दारासमोर नेलं, डाळिंबाभोवती आळं केलं आणि सगळा रेंदा मुळांशी ओतला. खाटेवरून ती बघत होती. वाऱ्याची एक झुळूक दारातून आत आली.

तिचं हसू मावळलं. तो हात धुऊन आत आला तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "भोकं पाडली नव्हतीत ना?"

कुंभार खाटेच्या पायथ्याशी खाली बसला. "तू आजारी. अशा वेळी मडक्याला भोक... तुला काही झालं असतं तर?"

"भोक पाडल्याने कोणी मरत नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही मला विचारायचं तरी."

ओढ्यावरून घागरी भरभरून आणून त्याने मुळं धुतली, रेंदा उपसला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आधी पानांच्या कडा काळ्या पडल्या, मग फांद्या वाळल्या, आणि आठवडाभरात झाडाची नुसती काटकी उरली. बायकोने कूस बदलली ती भिंतीकडे. दुखणं तिला कदाचित नेणारच होतं, कोण सांगणार. पण झाडाकडे बघत ती चार घास खात होती, ते तिने सोडले. पौर्णिमा यायच्या आत ती गेली.

गावातली माणसं जमली. एक म्हातारा कुंभाराला म्हणाला, "बाबा, मडकं लागेल."

उभ्या गावाला मडकी देणाऱ्याने त्या दिवशी स्वतःच्या उतरंडीतलं एक उतरवलं. स्मशानात ते पाण्याने भरून त्याच्या खांद्यावर ठेवलं आणि हातात दगड दिला. पहिल्या फेरीला त्याने दगड मारला. टक् करून भोक पडलं आणि गार पाण्याची धार त्याच्या पाठीवरून वाहू लागली. इतकं सोपं होतं ते! लहान पोरानेही केलं असतं. पुढच्या फेऱ्या तो मोठमोठ्याने रडत चालला, आणि लोकांना वाटलं, हे सगळं रडणं नुसतं तिच्यासाठीच आहे.

घरी आल्यावर त्याने ते देखणं मडकं पुढ्यात घेतलं आणि त्याला भोकं पाडली, बुडाला पाडली, कडेने पाडली. त्यात वाळका पाला घातला, तिच्या डाळिंबाचाच. मग तिने सांगितलं होतं तसं तो करत गेला. पुढल्या उन्हाळ्यात मडक्यातून मातीचा वास आला. ओंजळभर काळीभोर माती घेऊन तो दारात उभा राहिला. समोर झाड नव्हतं, मागे खाट रिकामी होती. ओंजळ कुणाला दाखवावी ते त्याला कळेना.

त्यानंतर तो कुंभार कच्च्या मडक्यालाच भोकं पाडून मग ते भाजू लागला आणि घरोघरी वाटू लागला. त्याचंही धान्य तो घेत नसे. बायका दचकून मागे सरत. "अहो, भोकाचं मडकं घरात कसं ठेवायचं?"

कुंभार म्हणे, "ठेवा बायांनो. मी भीतीने ठेवलं नव्हतं. तरी भोक मलाच पाडावं लागलं."

लहानांनी आणि मोठ्यांनीही ध्यानात ठेवायचं तात्पर्य: आपल्या माणसासाठी जे करायचं ते भीतीने टाळू नये आणि टाळलं तर लपवू नये, घट्ट झाकून ठेवलेलं आत सडतं, आणि सडलेलं शेवटी आपल्याच झाडाच्या मुळाशी जातं.