पाखरांच्या वाट्याचे त्रेसष्ट

एका राज्यात आंब्यांचे एक कोठार होते, आणि त्या कोठाराला शाप होता. राजा शूरकेतूने बागेतली पाखरे गोफणीने हाकलून दिली, म्हणून कालंजर जादूगाराने तो दिला. तेव्हापासून तेथला आंबा पिकत नसे. कालंजर दारात बसून तीन गणिते घाली; तिन्ही सुटली तर शाप सुटणार होता. जो चुके, तो साळुंकी होऊन तुळईवर जाऊन बसे.

उन्हाळ्याची सुट्टी लागली, त्या दिवशी माळ्याचा मुलगा इंद्रजित तेथे निघाला. पाढे त्याला झोपेतही येत. धाकटी रेवती हळूच म्हणाली, "दादा, आधी आंब्यांच्या आढ्या नीट बघ."

"बघत तू बस, मुखदुर्बळ कुठली! मी उत्तरे देऊन जेवायला येतो."

तो जेवायला आला नाही.

रेवती कोठारापाशी गेली. तुळईवर बत्तीस साळुंक्या होत्या.

"सुट्टी संपून शाळेची घंटा वाजली की ही कायमची पाखरे," कालंजर म्हणाला.

त्या दिवसापासून ती रोज उंबऱ्याशी बसू लागली. बोलत नसे, नुसती पाहत असे. असे करता करता सुट्टीचा शेवटचा दिवस उजाडला.

"विचारा," ती म्हणाली.

"नऊ आढ्या. एकेकीत सात ओळी. ओळी किती?"

"त्रेसष्ट."

"ओळीत बारा आंबे. आंबे किती?"

"सातशे छप्पन्न."

"यातले राजाचे किती?"

"सगळे! सगळे!" तुळईवरून इंद्रजित ओरडला. साळुंकी झाला तरी त्याची घाई गेली नव्हती.

रेवतीने वर पाहिले नाही. प्रत्येक ओळीत अकरा आंब्यांचे देठ खाली होते आणि एकाचा वर. साळुंक्या भुकेने व्याकूळ होत, पण चोच लावत ती त्या एकालाच. घरी बाबाही आढी अशीच लावत, आणि आजोबाही तशीच लावत असत.

"ओळीत राजाचे अकरा," ती म्हणाली. "त्रेसष्ट गुणिले अकरा. सहाशे त्र्याण्णव."

"आणि उरलेले त्रेसष्ट?"

"ते पाखरांचे. राजा विसरला. माळी विसरले नाहीत."

कालंजर उठला, धोतर झटकले आणि चालू लागला. ओळीमागून ओळ पिवळी झाली. साळुंक्या खाली उतरल्या आणि त्यांची माणसे झाली.

इंद्रजितने ओठावरचा आंब्याचा धागा पुसला. "इतके सोपे होते? मग आधी का नाही सांगितलेस?"

"सांगितले होते, दादा. बघ म्हणून."

राजाने गोफणी जाळल्या आणि पाखरे बागेत परतली.

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा वाजली. गुरुजींनी फळ्यावर गुणाकाराचे उदाहरण लिहिले. इंद्रजितचा हात सवयीने वर गेला, अर्ध्यावर थांबला, खाली आला. त्याने उदाहरण पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचले.

कोठार पिकले, ज्याचा वाटा त्याला पोचला, आणि कथाही पिकून इथेच गळाली.