भोकाचे बूड

त्या रानात कुणीच नुसत्या तोंडाने हिंडत नसे. दुष्काळात पाणवठ्यावरून मारामाऱ्या झाल्या, तेव्हा मेलेल्यांचे सुळे जिवंतांनी उचलले. सुळ्याच्या बुडाला भोक पाडायचे, त्यातून वेल ओवायची आणि जबड्याला बांधायचा. पुढे पाणी आले, गवत आले, पण सुळे काही उतरेनात. जन्मात मांसाला तोंड न लावलेली हरणेसुद्धा सुळे सावरत चरायची. आता याला काय म्हणावे?

शेवटी दरबाराने हुकूम काढला. लोकांकडून जप्त केलेले आणि पहारेकऱ्यांच्या कोठारात जास्तीचे पडलेले, सगळे सुळे मोडायचे. काम आले धाकू खेकड्याकडे, कारण त्याच्यासारखी भक्कम नांगी रानात दुसरी नव्हती. रीत ठरलेली होती. प्रत्येक सुळा दोनदा मोडायचा, आधी टोक आणि मग भोकाचे बूड. टोक गेले की तो टोचत नाही. बूड गेले की तो बांधता येत नाही.

नदीकाठच्या दगडापाशी आपण होऊन पहिली आली ती गोजी सशीण, धाकूची शेजारीण. पदरी चार पिल्ले. सुळा दगडावर ठेवून ती म्हणाली, "धाकूदादा, हा परत कुणाच्या तोंडाला लागणार नाही ना?"

"माझ्या नांगीची शपथ," धाकू म्हणाला. तिचे पाहून बाकीचेही रांगेत उभे राहिले.

टोक कटकन मोडे, बूड मात्र जाम दाद देत नसे. पाचव्या दिवशी धाकूची नांगी सुजली. मुकादम मुंगूस कामावर नजर ठेवून होता. तो म्हणाला, "धाकोबा, उगाच जीव कशाला काढताय? टोक गेलं की मेला तो. दरबाराला ढीग दिसला म्हणजे झालं."

खरे काय ते धाकूला माहीत होते. तरी ऐकून त्याला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. त्या दिवसापासून त्याने नुसती टोके मोडली. ढीग भराभर वाढला, वाजतगाजत खड्ड्यात पुरला गेला, आणि धाकूच्या पाठीवर रानफुलांची माळ पडली. ती त्याने मुकाट्याने घालून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात गोजी पाणवठ्याच्या वाटेवर मेलेली सापडली. मानेत आखूड सुळा रुतलेला. कुणीतरी खड्डा उकरून, मोडका सुळा दगडावर घासून त्याला नवे टोक काढले होते. जुन्या भोकात ताजी वेल होती, आणि सुळ्याच्या अंगावर धाकूच्या नांगीच्या खुणा. त्या ओळखल्या फक्त धाकूने आणि मुकादमाने.

"गप्प राहा," मुकादम म्हणाला. "हे कळलं तर उद्यापासून रांगेत कुणी उभं राहायचं नाही."

यात काही खोटे नव्हते. धाकू दोन दिवस गप्प राहिला. त्या दोन दिवसांतही लोक सुळे आणत होते, तोंडभरून दुवा देत होते, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखे होत होते.

तिसऱ्या दिवशी गोजीची बहीण आली. मागे गोजीची चार पिल्ले. सुळा दगडावर ठेवत ती म्हणाली, "ताई म्हणायची, दादाकडे दिला की घोर मिटला."

धाकूने नांगी उघडली, पण ती पुढे जाईना.

"तो उचल, बाई," तो म्हणाला. "तुझ्या ताईला मी मारलं. बुडं मोडायची सोडली मी. शपथ घेऊन सोडली. यापुढे मोडीन, पण विश्वास ठेव म्हणायला मला तोंड नाही."

रांगेत सगळ्यांनी ऐकले. कुणी त्याला शिवी दिली नाही, दगड मारला नाही. एकेकजण सुळा घेऊन माघारी वळला. बहिणीनेही आपला सुळा उचलला, जबड्याला बांधला, वेलीची गाठ दोनदा ओढून पाहिली.

मग ती पिल्लांना चाटायला वाकली, आणि चारही पिल्ले मागे सरली.