मागे जागा नाही

“तुझं ठरलंय, तर मग इथे कशाला आलीस?”

निंगव्वा सुपातली तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“सांगायला आले,” महानंदा म्हणाली. “विचारायला नाही.”

“बरं. सांग.”

त्या इतक्या सहज ‘सांग’ म्हणतील असं तिला वाटलं नव्हतं. वादाची सगळी तयारी करून ती आली होती. येताना गाडीत मनातल्या मनात दोनदा भांडूनही झालं होतं.

उदगीरपासून पंचवीस किलोमीटरवर, उघड्या माळावरच्या एका टेकडीवर निंगव्वांचा हा मठ. मठ म्हणजे तीन खोल्या आणि पुढे एक ओटा. एके काळी इथे आसपासच्या गावांतल्या मुली राहून शिकायच्या. महानंदा दहाव्या वर्षी इथे आली आणि चौदाव्या वर्षी गेली. पाढे इथे शिकली, अक्षर इथेच सुधारलं.

आता ती शेहेचाळीस वर्षांची होती. डॉक्टर, भूलतज्ज्ञ. उदगीर, देवणी, मुखेड, जिथून बोलावणं येईल तिथे जायची. ऑपरेशनच्या टेबलावर ती पेशंटला म्हणायची, दहापासून उलटे आकडे म्हणा. भलेभले सातापर्यंत पोहोचत नसत. आपल्यासमोर माणसं गप्प होतात याची तिला सवय होती. गप्प राहून ऐकणाऱ्या माणसाची नव्हती.

“गाडी घेतेय,” ती म्हणाली. “लहान, पण भारीतली. डिझेल.”

चिंचेखाली ती गाडी उभी होती. गडद निळी, चालवून बघायला म्हणून शोरूमने दिलेली. शेजारी शोरूमचे सोनटक्के उभे होते. चाळिशीचा सज्जन माणूस, गळ्यात टाय, बुटांवर माळावरची तांबडी धूळ. गाडी चारपर्यंत परत न्यायची होती आणि ते दर पाच मिनिटांनी मोबाइलवर वेळ बघत होते.

“घरचे काय म्हणतात?”

“सासरे म्हणतात, एवढ्या पैशात मोठी गाडी येते, दारात उभी केली तर शोभते तरी. हे म्हणतात, आधी एखादी जुनी घे, हात बसू दे, घासली तरी वाईट वाटायला नको. दीर म्हणतात, मागे जागा नाही.”

“आणि तू?”

“मी म्हणते, घेणार.”

निंगव्वांनी एक दाणा उचलून डोळ्यांजवळ नेला.

“लहानच का?”

“आमची गल्ली अरुंद आहे. वळवायला बरी पडते.”

“किडका,” निंगव्वा म्हणाल्या आणि दाणा बाहेर भिरकावला. “आताची मोठी गाडी त्याच गल्लीतून जाते ना?”

“…जाते.”

“भारीतलीच का?”

“सुरक्षित असते. पत्रा जाड, सहा एअरबॅग.”

“तू कधीपासून एवढी भित्री झालीस?”

महानंदा ताठ बसली. “आणि डिझेल अशासाठी, की माझं रोजचं जाणं-येणं ऐंशी किलोमीटरच्या वर आहे. एवढं रनिंग असेल तर डिझेलच परवडतं. पेट्रोलशी तुलना केली तर…”

“ते त्या टायवाल्याला सांग,” निंगव्वा म्हणाल्या. “मला सांगायला आली होतीस ना?”

“मी खोटं बोलतेय असं वाटतं तुम्हाला?”

“खोटं नाही. पाठ केलेलं वाटतं.”

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

“अव्वा, मी आता तुमच्या शाळेतली पोर नाही. मला कुणाची परवानगी नकोय.”

“मी दिली कुठे?”

निंगव्वांनी सुपातली तूर पुन्हा एकदा पसरली.

मग निंगव्वांनी सूप बाजूला ठेवलं, काठी घेतली आणि त्या उठल्या. ब्याऐंशी वर्षांच्या त्या बाईला तीन पायऱ्या उतरायला वेळ लागला. महानंदाने हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

सोनटक्के लगबगीने पुढे आले. “या आजी, या. आत बसून बघा. हा टचस्क्रीन, इथे मागचा कॅमेरा, आणि एसी तर दोन मिनिटांत…”

“बाबा, जरा थांब.”

सोनटक्के थांबले.

“महानंदा,” निंगव्वा म्हणाल्या, “घरच्या गाडीत तू रोज जिथे बसतेस ना, तिथे बस.”

महानंदाने मागचं डावं दार उघडलं आणि ती आत बसली. पर्स मांडीवर घेतली. अंग दाराकडे थोडं चोरून घेतलं, मधे कुणीतरी बसणार असल्यासारखं.

घरच्या गाडीत पुढे, ड्रायव्हरशेजारी, सासरे बसायचे. मधे नवरा पाय पसरून. कधी दीर, कधी जाऊबाई, कधी पाहुणे. तिची जागा ही. वीस वर्षांत तीन गाड्या झाल्या, जागा तीच राहिली. आता तासाभरापूर्वी टेकडीचा चढ तिने स्वतः चढवला होता, दुसऱ्या गिअरमध्ये, एकदाही इंजिन बंद न पाडता. आणि ‘बस’ म्हटल्याबरोबर ती इथे येऊन बसली होती.

हे तिच्या लक्षात आलं ते सोनटक्क्यांच्या तोंडाकडे बघून.

निंगव्वांनी खिडकीतून डोकावलं.

“कसं वाटतं?”

“…अडचण होते.”

“गुडघे?”

“टेकतात.”

“बघ. दीर खरं बोलतो तुझा. मागे जागा नाही. नको घेऊ ही गाडी.”

“आजी, तसं पाहिलं तर मागची सीट…” सोनटक्क्यांनी तोंड उघडलं.

“मी इथे बसणार नाहीये!”

तो आवाज आपलाच आहे हे तिला क्षणभर कळलं नाही. सोनटक्के एक पाऊल मागे सरले. चिंचेखाली बांधलेल्या शेळीने चरायचं थांबवलं.

“मग कुठे?”

“पुढे. उजवीकडे.”

“आणि मागे कोण?”

“कुणी नाही.”

“आता सांग. लहान का?”

महानंदाने समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहिलं. तिच्या गुडघ्यांपासून बोटभर अंतरावर ती होती.

“…सगळे मावू नयेत म्हणून.”

निंगव्वा बाजूला झाल्या. महानंदा बाहेर आली. दार तिने जरा जोरातच लावलं. आणि मग ती थांबली नाही.

“आणि जुनी का नको, तेही ऐका. पंचवीस वर्षं लायसन आहे माझ्याकडे. अंबाजोगाईला शिकत होते तेव्हा मैत्रिणीच्या वडिलांची जीप मी घाटातून चालवत आणायचे, पोरं मागे बसून ओरडायची. आणि आता मी हात बसवायला घासलेली गाडी घ्यायची? चांगली वस्तू मला आवडते. तिचं दार लागलं की आवाज कसा येतो, ऐकलात? मला तो आवाज आवडतो. कमावते मी. हे लाजिरवाणं असेल तर असू दे.”

“लाजेचं मी काही बोलले नाही.”

“तुम्ही बोलला नाहीत. मीच वर्षभर स्वतःला बोलतेय!”

निंगव्वा काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

“डिझेलचं राहिलं,” त्या म्हणाल्या.

महानंदाने चष्मा काढून पदराने पुसला. पुन्हा घातला.

“मागच्या महिन्यात देवणीहून फोन आला,” ती म्हणाली. आवाज खाली आला होता. “बाळंतपण अडलं होतं, सिझर करायचं होतं. भूल द्यायला कुणी नव्हतं. गाडी साखरपुड्याला भालकीला गेलेली. ह्यांना फोन केला, म्हणाले, निघतोच आता, पंगत उठली की. मी बॅग घेऊन फाटकापाशी उभी. रिक्षावाले एवढ्या लांब यायला तयार होईनात. पन्नास मिनिटं उभी होते अव्वा… शेवटी दुधाच्या टेम्पोत बसून गेले.”

“पोर?”

“जगलं. आईपण बरी आहे. तिसऱ्या दिवशी बाप पेढे घेऊन आला. मला एकही खाता आला नाही.”

“घरी सांगितलंस?”

“रात्री सासऱ्यांनी विचारलं, आलीस का जाऊन? मी म्हटलं, आले. ते म्हणाले, साखरपुड्यात तुझी सगळ्यांनी चौकशी केली.”

वाऱ्याने चिंचेची बारीक पानं गाडीच्या टपावर पडत होती. सोनटक्के ती एकेक करून टिपत होते. ते आता मोबाइलकडे बघत नव्हते.

“डिझेल परवडतं की नाही, याच्याशी मला मतलब नाही,” महानंदा म्हणाली. “एकदा टाकी भरली, की कुणाला न विचारता मी किती लांब जाऊ शकते, एवढंच मी बघितलं. सगळ्या गाड्यांचं तेवढंच बघितलं.”

“किती लांब जायचंय?”

“…माहीत नाही.”

“कुठे?”

“तेही माहीत नाही. पण जायचंय.”

निंगव्वांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती म्हातारपणाची, कळण्यासारखं नव्हतं.

महानंदाला एकदम हलकं वाटलं. जे वर्षभर कुणाजवळ बोलली नव्हती, ते उघड्या माळावर एका परक्या माणसादेखत बोलून झालं होतं. आता एवढंच राहिलं होतं. ती वाकून म्हणाली,

“अव्वा, गाडीला विभूती लावा तुमच्या हाताने.”

“नाही.”

ती सरळ उभी राहिली.

“का?”

“ही गाडी घेऊ नकोस.”

“अव्वा…”

“मी सांगते म्हणून. घेऊ नकोस.”

थट्टा आहे का, म्हणून महानंदाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे थट्टा नव्हती.

निंगव्वांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. आठवीत त्यांनी ‘गणित सोडू नकोस’ म्हटलं, तिने सोडलं नाही. वीस वर्षांपूर्वी याच ओट्यावर हलबुर्ग्यांचं स्थळ आलं. तिला आणखी शिकायचं होतं, दोन वर्षं थांबायचं होतं. निंगव्वा म्हणाल्या होत्या, “घर चांगलं आहे. हो म्हण.” ती हो म्हणाली होती. घर चांगलंच निघालं. तिला कुणी कधी वाकडं बोललं नव्हतं. फक्त गाडीत जागा ठरवून दिली होती.

तिने गाडीच्या दारावर हात ठेवला.

“घेणार,” ती म्हणाली.

“मी नको म्हणते.”

“ऐकलं. घेणार.”

“कुणाचंच ऐकायचं नाही ठरवलंस?”

“तसं समजा.”

“मग या मठाची पायरी चढू नकोस पुन्हा.”

सोनटक्क्यांनी मान खाली घातली. महानंदाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते तिने पुसलं नाही. तसंच निंगव्वांकडे बघत राहिली.

“चढणार,” ती म्हणाली. “दर महिन्याला येणार आणि याच गाडीतून येणार. दार लावून घेतलंत तर ओट्यावर बसेन. ओट्यावरून उठवलंत तर चिंचेखाली बसेन. पण मी येणार, अव्वा. त्यालाही तुमची परवानगी नको.”

ती पाया पडायला वाकली. निंगव्वांनी पाय मागे घेतले. जिथे पाय होते तिथल्या मातीला तिने हात लावला, कपाळाला लावला आणि उठली.

“सोनटक्के, बुकिंग करून टाका. निळीच.”

“हो मॅडम. नाव… साहेबांचंच टाकू ना?”

“माझं.”

“नाही, म्हणजे कर्जाच्या कागदांना साहेबांची सही…”

“कर्ज नाही, सही नाही. डॉक्टर महानंदा हलबुर्गे. लिहा.”

सोनटक्क्यांनी खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्याच, गुडघा वर करून त्यावर कागद धरून नाव लिहिलं. तिने ते वाचून पाहिलं. ‘हलबुर्गे’मधला रफार राहिला होता. तिने त्यांच्याकडून पेन घेऊन तो दिला.

मग ती उजव्या बाजूने आत शिरली. सीट थोडी पुढे घेतली, आरसा ठीक केला. सोनटक्के धावत डावीकडे येऊन बसले आणि त्यांनी पट्टा लावला. इंजिन सुरू झालं. त्याची घरघर तिला स्टिअरिंगमधून तळहातांत जाणवली.

तिने गिअर टाकला.

काचेवर टकटक झाली.

काठीच्या टोकाने निंगव्वा काच वाजवत होत्या. कधी चालत आल्या, कळलं नव्हतं. महानंदाने काच खाली केली. हात स्टिअरिंगवरच ठेवले. हनुवटी वर होती. आणखी जे काही बोलतील त्यालाही तिचं ‘घेणार’ तयार होतं.

निंगव्वांनी गाडीच्या आत, मागच्या रिकाम्या सीटकडे एकदा पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

“चढावरच्या वळणाला हॉर्न वाजवत ये,” त्या म्हणाल्या. “मला हल्ली नीट ऐकू येत नाही.”