आधी भुईला

एकदा एक शिष्य पाठीमागे लाल उपरणे दडवून आपल्या वृद्ध गुरूंपुढे उभा राहिला. दडवले म्हणायचे इतकेच. टोक घोट्याशी लोंबत होते.

"बाबा, आज आई येतेय, बारा वर्षांनी. मी आलो तेव्हा आठ वर्षांचा होतो. आता आम्ही चाळीस जण, सगळे मुंडण केलेले, सगळे भगव्या छाटीतले. तिला दिसतंही कमी म्हणे. तिनं दुसऱ्यालाच पोटाशी धरलं तर?" त्याने उपरणे पुढे केले. "आजच्यापुरतं हे अंगावर घेऊ द्या."

गुरूंनी उपरणे घेतले आणि खुशाल स्वतःच्याच खांद्यावर टाकले! मग त्याला मठामागच्या उतारावर नेले. तिथे वाळलेल्या खुळखुळ्याच्या झुडपांवर काळसर, पांढऱ्या ठिपक्यांची शेकडो फुलपाखरे लगडली होती. कोवळ्या उन्हात पंख हळूहळू मिटत, हळूहळू उघडत. पाहता पाहता सारा उतारच श्वास घेतोय असे शिष्याला वाटू लागले.

"किती जाती?"

"एकच की!"

"तीन," गुरू हसले. "चल, आई आली असेल."

ती पारावर बसली होती, थकलेली. गुरूंनी फर्मावले, "चाळिसांनी ओळीनं यांच्या ओंजळीत पाणी घाला. कुणी अवाक्षर बोलायचं नाही." शिष्याला वाटले, हा कसला न्याय? तो सतरावा होता. सातव्याचा गाल तिने कुरवाळला, तेव्हा याच्या काळजात चर्र झाले. पण तिने त्यालाही औक्षवंत हो म्हणून पुढे सोडले.

याची पाळी आली. त्याने तांब्या कलता केला, आणि ओंजळ तशीच सोडून म्हातारीने त्याचे मनगट धरले.

"आधी भुईला दोन थेंब, मग माणसाला! अरे, हे माझ्या घरचं रे! माझा सोन्या तो!" ती हमसून रडू लागली.

"मी भुईला पाणी घातलं?" शिष्य भांबावला. "मला कळलंच नाही."

"आपला गंध आपल्याला येत नसतो," गुरू म्हणाले. "ती फुलपाखरं कडू असतात. एकदा तोंड पोळलं की पक्षी त्या वेशाच्या पाखराला पुन्हा शिवत नाही. ज्याचा वेश निराळा तो टिपला गेला, ज्याचा जुळत गेला तो उरला. असं पिढ्यान्‌पिढ्या होत तीन कुळं एका रंगाची झाली. रानात वाटमारे तुमच्या छाटीला हात लावत नाहीत, तसंच ते. पण वेश परक्यांसाठी. घरच्यांसाठी प्रत्येक कुळाचा गंध वेगळा. त्या वाळक्या खुळखुळ्यातून नर तो मिळवतात. मादी रंगाला भुलत नाही, म्हणून कुळं मिसळत नाहीत."

आईने अजून शिष्याचे मनगट सोडले नव्हते.

गुरूंनी खांद्यावरचे लाल उपरणे काढून त्याच्या हाती दिले. "घे आता. तिचे डोळे पूस."