सोन्याची उशी

एका राज्यात झोप नव्हती. धान्य होतं, पाणी होतं, तळ्यात कमळं होती, पण झोप म्हणून कुणाच्या डोळ्याला नव्हती. माणसं रात्रभर कूस बदलत आणि दिवसभर एकमेकांवर खेकसत. चोरांनी तर धंदाच सोडला, कारण कुठल्याही घरात शिरावं तर घरधनी टक्क जागा.

याचं कारण खुद्द राजा वज्रबाहू. मागल्या साली तो धवळा डोंगराच्या माथ्यावर गेला. तिथं एक जोगीण सोन्याच्या उशीवर डोकं टेकून युगानुयुगं निजली होती. राजानं ती उशी अलगद ओढून घेतली. जोगीण उठून बसली आणि म्हणाली, "माझी झोप तू नेलीस, तुझ्या राज्याची मी ठेवून घेते. तुझ्या रक्ताचं माणूस ही उशी पाठीवरून परत आणील, तेव्हा सोडीन." उतरताना डोंगरानंही राजाच्या पायाची बोटं बर्फात गोठवून ठेवून घेतली. तरी राजाला सोनं सोडवेना.

पुढं त्याची एकुलती लेक चारुमती बाळंत झाली. मुलगी जन्मली तीच टक्क उघड्या डोळ्यांनी. अंगाई गाऊन गाऊन चारुमतीचा घसा बसला, पण पोरीची पापणी मिटली नाही. पोर वाळत चालली. राजवैद्य म्हणाले, "झोप मिळाली नाही, तर पुढची अमावास्या ती बघणार नाही."

तेव्हा कुठं राजानं उशी बाहेर काढली. लेकीच्या पाठीवर ती बांधताना तो म्हणाला, "क्षणभरही नजरेआड करू नकोस." चारुमतीनं खांद्यांवरचे दोर आवळले आणि ती निघाली.

पायथ्याशी वाटाड्या भेटला. तो एक म्हातारा डोमकावळा, नाव भुंड्या, शेपटाची पिसं केव्हाच गळालेली. धवळ्यावर वारा असा, की पाखरांनाही पायीच चढावं लागे.

"टप्पे तीन," भुंड्या म्हणाला. "गवताचा, दगडांचा, बर्फाचा. ओझं वर नेऊन ठेवायचं आणि मुक्कामाला खाली यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर."

"एकच वाट तीनदा तुडवायची?"

"तीनदा."

"माझी मुलगी मरते आहे, वाटाड्या."

"म्हणूनच सांगतो. वरची हवा विरळ. सवय नसताना एकदम वर राहिलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती अजून वरच आहेत."

पहिला टप्पा गवताचा. ते सोनं शापाचं होतं, दर पावलाला जड होई. माचीवर पोचेतो चारुमतीचे खांदे सोलून निघाले. तिनं उशी एका खडकामागं ठेवली आणि वळून वळून बघत खाली उतरली. दुसऱ्या दिवशी तीच चढण, तेच घसरणं, तोच वाकडा खडक. तिनं त्या वाटेला मनात नाही नाही त्या शिव्या घातल्या.

दुसरा टप्पा दगडांचा. तिथं वर पोचल्यावर मात्र ती खाली यायला तयार होईना.

"खजिना उघड्यावर टाकून जायची आमच्या घराण्यात रीत नाही," ती म्हणाली, आणि उशी कवटाळून तिथंच बसली.

उजाडेपर्यंत तिचं डोकं फुटायला आलं, ओठ निळे पडले आणि एका भुंड्याचे दोन दिसू लागले. त्यानं चोचीत पदर धरून तिला ओढत खाली नेलं. पुन्हा उभी राहायला तिला दोन दिवस लागले. ते दिवस लेकीच्या वाट्याचे होते, म्हणून ती ढसाढसा रडली.

"चोर नेईल म्हणून बसलीस ना?" भुंड्यानं विचारलं.

"हो."

"या डोंगरावर चोर एकच आला होता, राजकन्ये."

त्यानंतर तिनं उशी वर टाकली आणि मागं न बघता उतरली. तिसऱ्या टप्प्यावर, माथ्याच्या जरा खाली, गुडघाभर बर्फातही तसंच केलं.

माथ्यावर जोगीण तांबारलेल्या डोळ्यांनी बसली होती.

"आणलीस?"

"आणली."

जोगिणीनं उशीवर डोकं टेकलं, या कुशीवरून त्या कुशीवर झाली आणि वैतागून म्हणाली, "सवय मोडली. अंगाई म्हण."

चारुमतीनं घोगऱ्या आवाजात तीच अंगाई म्हटली, जी पाळण्यापाशी कधी कामाला आली नव्हती. जोगिणीचे डोळे मिटले. त्यासरशी तिच्या घोंगडीखालून साऱ्या राज्याची झोप सुटली आणि उबदार धुक्यासारखी उतारावरून खाली निघाली. वाटेत ती भुंड्यावरून गेली.

"खाली जा," तो कसाबसा म्हणाला. "इथं बसू नकोस." आणि आडवा झाला.

आता वाटाड्याच झोपला. चारुमतीनं त्याला ओच्यात घेतलं. झोप तिच्याही पापण्यांना लोंबकळत होती, आणि बर्फ असा मऊ की बसावंसं वाटावं. झोप उडावी म्हणून तिनं पदराला बांधलेली मिरी दाताखाली धरली आणि चालू लागली. धुक्यात हातभर पुढचं दिसत नव्हतं. पण कुठं घसरतं, कुठं वळायचं, वाकडा खडक कुठल्या हाताला ठेवायचा, हे पायांना पाठ होतं. शिव्या घातलेल्या त्या वाटेनंच तिला उतरवलं.

पायथ्याशी भुंड्यानं एक डोळा उघडला. "पोचलो? वाट कुणी दाखवली?"

"तूच," ती म्हणाली, आणि त्याला कपारीत ठेवून पुढं निघाली. तिथं झोपली असती तर चाललं असतं. पण लेक बघितल्याशिवाय डोळा मिटायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

राजवाड्यात पहारेकरी भाल्याला टेकून घोरत होते. आचारी हातात पळी घेऊन झोपला होता. पाळण्यात लेक गालाखाली मूठ घेऊन गाढ निजली होती. चारुमतीनं तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास पाहिला आणि पाळण्याखालीच जमिनीवर अंग टाकलं.

पहाटे पोर भुकेनं रडू लागली. आवाजानं राजा जागा झाला आणि बिनबोटांच्या पायांनी लंगडत आला. लेकीच्या खांद्यांवरचे दोराचे वळ त्याला दिसले. त्यानं नात उचलली, दाईकडून तिला दूध पाजवलं आणि तिला घेऊन दारात बसला. समोर पहाटेच्या नगाऱ्यावर टिपरू पडणार, इतक्यात त्यानं हात वर केला.

"वाजवू नका," राजा म्हणाला. "माझी लेक झोपली आहे."