हाकेच्या धोंड्यावरचं नाव

तिवाटा बाजाराच्या मधोमध हा काळा धोंडा दिसतो, त्याच्यावर बसू नका. चपला घालून चढू तर मुळीच नका. शेजारी पत्र्याची पाटी आहे, ती कुणा शिकलेल्याने लिहिली आहे आणि निम्मी चूक आहे. ह्याला हाकेचा धोंडा म्हणतात. इथे तीन वाटा मिळतात. एक मराठी मुलखातून येते, एक कानडी, एक तेलुगू. सोमवारी बाजार भरतो तेव्हा एकाच चिंचेखाली तिन्ही भाषांत भाव होतात.

इथली रीत अशी, की नवा माल आणणाऱ्याने त्याचं नाव आपण ठरवायचं नाही. तसलाच माल विकणारा जो दुसरा असेल, ज्याच्या पोटात त्या मालाने दुखतं, त्याने ते द्यायचं. धोंड्यावर चढून तिन्ही वाटांकडे तोंड करून हाकारायचं. तिन्हींकडून कुणी ना कुणी तेच नाव परत म्हटलं, की नाव पक्कं. शहरातले लोक हसतात. मागे एक साबणवाला आला, खोक्यांवर सोनेरी अक्षरांत नाव छापूनच. आधी तो हसला, मग चिडला, आणि चार सोमवार एक वडी खपली नाही तेव्हा पलीकडच्या साबणवाल्याकडे मुकाट्याने गेला. रीत उगाच पडत नाही. हिच्या बुडाशी एका माणसाचं जळणं आहे.

फार जुनी गोष्ट सांगतात. तेव्हा ह्या वाटांनी मालाच्या बैलगाड्या चालत. जू घासून बैलाचा खांदा सुजे, कातडं फाटे, आणि बैलाचा खांदा गेला की गाडी जागच्या जागी. त्यावर मलम करणारं घर एकच, रायाजीचं. कडुनिंबाचं तेल, हळद, मेण, आणि एक पाला, जो तो बायकोलासुद्धा दाखवत नसे. आजापासून चालत आलेलं मलम. चोख होतं, त्यात वाद नाही. पण त्याचं नाव म्हणे असं होतं: 'श्रीखंडेरायप्रसन्न गणोजीवंशज वृषभस्कंधवेदनाहर अस्सल मलम'. रायाजीच्या बापाने एका शास्त्रीबुवांना शिधा देऊन ते करवून घेतलं होतं. रायाजी रोज दुकान मांडताना ते एका दमात म्हणे आणि त्याची छाती फुगे. गिऱ्हाइकांना ते म्हणता येत नसे. ती बोट दाखवत. दुकान एकच होतं, तेव्हा बोटावर भागत होतं.

मग नागुबाई आली. गाडीवानाची बायको. नवरा घाटात गाडीखाली गेला, मागे बैलजोडी राहिली. त्या बैलांच्या खांद्यांवर हात फिरवता फिरवता ती मलम शिकली. वाळल्या भोपळ्यात भरून आणी आणि रायाजीच्या समोरच गोणपाट अंथरून बसे. तिच्यापुढे कुणी उभं राहिलं की रायाजीच्या हातातली पळी जागीच थांबे. त्याने दुसऱ्याच्या हातून तिचं मलम आणवलं, घरी कवाड लावून हुंगलं. आपल्या बैलाच्या एका खांद्याला आपलं लावलं, दुसऱ्याला तिचं. चौथ्या दिवशी दोन्ही खांदे सारखेच बरे. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. जेवताना घास मात्र तोंडातच फिरू लागला.

आता मलमं दोन झाली. बोट कुठं दाखवायचं याचा घोळ होऊ लागला. बाजाराची व्यवस्था बघणारे शेटे बसलिंगप्पा नागुबाईला म्हणाले, तुझ्या मालाला नाव पाहिजे. तेव्हा तिने जे केलं ते एखाद्या भोळ्यानेच करावं. नारळ घेऊन ती थेट रायाजीपुढे गेली.

"मामा, ह्या धंद्यात तुम्ही वडील. घरात लेकरू झालं तर नाव वडीलधाऱ्यांना विचारतात. माझ्या मलमाला तुम्ही द्या."

भरल्या बाजारात हातावर आलेला नारळ परत करता येत नाही. रायाजीने तो घेतला.

आठवडाभर तो नाव शोधत होता. त्याला असं नाव पाहिजे होतं ज्याने हा भोपळा कायमचा बसेल. शिवीसारखं दिलं तर लोक हसतील आणि लक्षात ठेवतील. मोठं दिलं तर तिचा मान वाढेल. एका संध्याकाळी गाडीतळावर गाड्या सुटत होत्या. मानेवरून जू उतरलं की बैलाला थोपटत प्रत्येक गाडीवान घशातून एक आवाज काढतो, हो ब्बा, हो ब्बा. मराठी गाडीवान काढी, तेलुगू काढी, कानडीही काढी. त्याला अर्थ नाही. रायाजी खूश झाला. ज्यात काहीच नाही असं नाव त्याला सापडलं.

सोमवारी तो ह्या धोंड्यावर चढला आणि म्हणाला, "हिच्या मलमाचं नाव होबा. कुठल्याच भाषेतलं नाही. तिच्या मालाला तेवढं पुरे."

नागुबाई म्हणाली, "गोड आहे, मामा," आणि पाया पडली.

पुढं काय झालं ते तुम्हालाही कळलं असेल, रायाजीला तेवढं कळलं नव्हतं. कुणाच्याच भाषेतलं नाही म्हणून ते नाव कुणालाच परकं वाटेना. सगळ्यांच्या घशात ते आधीच होतं. शिमग्यापर्यंत तीन मुलखांतले गाडीवान 'होबा' मागू लागले. रायाजीच्या गाडग्यांवर धूळ बसली. तो घरी आदळआपट करी. बायको सगुणा एकदा म्हणाली, "नाव तर तुम्हीच दिलंत."

आजाचं मलम आपल्या हयातीत बुडणार, ही धास्ती त्याला झोपू देईना. शेवटी गाडग्यांनी गाडी भरून तो तेलुगू वाटेने दूरच्या जत्रेला गेला. तीन दिवस त्याने तिथे ते लांबलचक नाव ओरडून सांगितलं. लोक थांबत, ऐकत, पुढं जात. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा गाडीवान आला, येल्लय्या नावाचा. त्याने गाडग्यावर नाक नेलं. कनवटीतून पळसाचं वाळलेलं पान काढून उलगडलं. आत मलमाचा सुकलेला कण होता. रायाजीचंच मलम.

मोडक्यातोडक्या मराठीत तो म्हणाला, "वाटेत एका गाडीवानाने हे लावलं, त्याने माझा बैल उठला होता. वर्षभर शोधतो आहे. आमच्याकडच्या प्रत्येक बाजारात हे पान दाखवलं. पण मागू काय? तुझ्या मलमाला जिभेवर धरायला जागाच नाही. मग तिकडे जाणाऱ्या गाडीवानांकडून होबा आणवत राहिलो. ते मागता तरी येतं."

रायाजीने उरलेली गाडगी तशीच परत भरली, एक गाडगं त्या म्हाताऱ्याच्या हातात ठेवलं आणि बैल जुंपले. सोमवारी तो नारळ घेऊन नागुबाईपुढे उभा राहिला. "बाई, माझ्या मलमाला नाव दे." सगळा बाजार गोळा झाला. आता ही सूड घेणार, असंच जो तो धरून चालला होता. रायाजीही.

नागुबाईने विचारलं, "मामा, ते नावातले गणोजी कोण?"

"आजा माझा."

"त्यांची आई त्यांना काय हाक मारायची?"

रायाजीला ते ठाऊक होतं. घरात सांगत असत. त्याने सांगितलं, तेही हळूच.

नागुबाई धोंड्यावर चढली आणि तिने हाक दिली, "गणू!"

रायाजीचं डोकं तापलं. भर बाजारात तिने आजाच्या अंगावरची सगळी वस्त्रं उतरवली, असं त्याला झालं. तो तिला खाली ओढायला पुढे झाला. एवढ्यात मराठी वाटेवरून कुणीतरी म्हणालं, गणू. कानडी वाटेवरून आलं, गणू. मग तेलुगू वाटेवरून एक घोगरा आवाज आला. येल्लय्या रायाजीच्या गाडीमागोमाग चालत आला होता आणि त्याने दिलेलं गाडगं डोक्यावर धरून म्हणत होता, गणू, गणू.

रायाजीने तेव्हा पागोटं काढून धोंड्यावर ठेवलं आणि शपथ घातली म्हणे, की ह्या बाजारात इथून पुढं कुणी आपल्या मालाचं नाव आपण ठरवणार नाही. आपल्याला आपला थाट दिसतो. जळणाऱ्याने मात्र आपला माल घरी नेऊन, कवाड लावून हुंगलेला असतो.

रायाजी सुधारला असं समजू नका. गणू आणि होबा समोरासमोर विकले गेले, दोन्ही घरं जगली, पण कुणी 'होबा' म्हटलं की मरेपर्यंत त्याची पळी थांबत राहिली. शेवटच्या दुखण्यात तो सगुणेला म्हणाला असं सांगतात, "गणू बरं आहे. पण होबासारखं नाव मला परत सुचलं नाही. आणि ते तिला दिलं."

आता ट्रॅक्टर आले. दोन्ही मलमं गेली, तो पालाही कुणाला ठाऊक नाही. धोंडा तेवढा आहे. आजही सोमवारी कुणी तरी त्याच्यावर चढून दुसऱ्याच्या मालाला नाव देतो आणि तिन्ही वाटा ते परत म्हणतात. बाहेरचे लोक वाटांकडे कान लावून उभे राहतात. इथले लोक तिकडे बघतसुद्धा नाहीत. नाव किती चांगलं पडलं ते आजही नाव देणाऱ्याच्या पडलेल्या तोंडावरून ओळखतात.