शिंजिरीचं घर

पाखरं बोलायची आणि माणसं ऐकायची नाहीत, त्या काळातली ही गोष्ट. तो काळ सरला असं मात्र समजू नका. एका सोसायटीच्या जास्वंदीवर शिंजीर नावाच्या इवल्या पक्षिणीचं घरटं होतं. कोळ्याची जाळी आणि सुकी पानं गुंफलेलं, चिंधीसारखं लोंबणारं. आत दोन पिल्लं होती.

रविवारी सोसायटीत 'आपले पक्षी ओळखा' असा कार्यक्रम होता. आदल्या सकाळी सेक्रेटरी उपासनीकाका माळ्याला म्हणाले, "दगडू, उद्या पाहुणे यायचेत. तेवढं जळमट पाड बघू."

शिंजीर काकांच्या टकलाभोवती घिरट्या घालू लागली. "अहो काका, पिल्लं आहेत माझी आत!"

"वा! काय गोड गाते!" म्हणत काकांनी मोबाइल काढला. तोवर दगडूची काठी फिरलीसुद्धा. गिऱ्हाईकही घेण्याआधी माल उलटून बघतं हो, यांनी घरट्यात डोकावण्याएवढंही केलं नाही.

रविवारी चाळीस माणसं दुर्बिणी लावून आभाळ बघत बसली. मग त्याच जास्वंदीवर प्लायवुडची पेटी टांगली गेली, 'पक्ष्यांनो, स्वागत आहे' असं रंगवलेली. टाळ्या पडल्या.

"जा बाई," तारेवरचा कावळा म्हणाला, "वास्तुशांतीचं बोलावणं आहे तुला."

शिंजीर गेली नाही. चोचीत अळी धरून ती झाडाखालच्या लख्ख झाडलेल्या जमिनीवर पिल्लं शोधत होती.